आधी ठिणगी की आधी आग?

आग पहाटे चारच्या सुमारास आटोक्यात येते आणि आठच्या बातम्यांत तिचं कारणही येतं: शॉर्टसर्किट. तोवर भिंतीला हात लावला तर चटका बसत असतो, छतातून बंबाचं पाणी गळत असतं आणि जळक्या ढिगात बसून कोणी एकही वायर हातात घेऊन पाहिलेली नसते. बातमीत ‘प्राथमिक अंदाज’ असं म्हटलेलं असतं, हे खरं. पण या प्राथमिकच्या पुढे माध्यमिक काही येत नाही. पंचनाम्यात तेच उतरतं, पोलिसांच्या ‘आकस्मिक जळीत’ नोंदीत तेच, विम्याच्या अर्जात तेच आणि वर्षअखेरीला शहराच्या आकडेवारीतही तेच.

ते खरं असतं का, आणि खरं की खोटं हे ठरवायचं कसं, हा या पुस्तकाचा विषय आहे. तपासाची पद्धत पुढच्या प्रकरणांत बैजवार आली आहे. मुळात असा प्रश्न पडावाच का, एवढंच मी इथे सांगणार आहे, कारण बहुतेकांना तो पडत नाही. घरात वीज आहे, घर जळलं, जळक्या घरात वितळलेल्या वायरी सापडल्या. आणखी काय पाहिजे, असं सगळ्यांनाच वाटतं.

2018 च्या सुमारास माहितीच्या अधिकारात मुंबई अग्निशमन दलाकडून मिळालेले आकडे पेपरांत छापून आले होते. आधीच्या दहा वर्षांत शहरात 48 हजारांहून जास्त आगी लागल्या आणि त्यांतल्या 32 हजारांहून जास्त आगींपुढे शॉर्टसर्किट असं कारण लिहिलेलं होतं. म्हणजे दर तीन आगींत दोन. अमेरिकेतली राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटना असा हिशेब नियमाने ठेवते. तिच्या 2015 ते 2019 च्या आकड्यांत घरांच्या जवळजवळ निम्म्या आगी स्वयंपाकातून लागलेल्या दिसतात. वायरिंग, बोर्ड, दिवे अशा विजेच्या व्यवस्थेतून लागलेल्या आगी दहा टक्क्यांच्या आसपास.

हे दोन आकडे शेजारी ठेवून लगेच निकाल देणं बरोबर नाही. रकाने सारखे नाहीत. तिकडे विजेच्या शेगडीवरचं तेल पेटलं तरी ते स्वयंपाकात धरतात. इकडे कढईतला भडका घरचीच माणसं झाकण टाकून विझवतात आणि तो कुठल्याच वहीत चढत नाही. शिवाय आपली वायरिंग खरोखरच वाईट आहे. जुन्या चाळींतून अजून लाकडी पट्टीवरची वायर सापडते, किटकॅट फ्यूजमध्ये फ्यूजवायरच्या जागी हाताला लागेल ती तांब्याची तार घातलेली असते, एका पॉइंटवर मल्टिप्लग, त्यात एक्स्टेंशन आणि त्या एक्स्टेंशनवर इस्त्री. तेव्हा आपल्याकडे विजेचा वाटा मोठा असेल, हे मानायला माझी काहीच हरकत नाही. माझी हरकत वेगळी आहे. त्या 32 हजारांतल्या किती आगी तपासून त्या रकान्यात गेल्या आणि किती आगी दुसरा रकाना न सापडल्यामुळे तिथे गेल्या, हे त्या आकड्यांवरून कळायला मार्ग नाही.

अशी तयार कारणं आपल्याला नवीन नाहीत. सत्तर-ऐंशीच्या दशकातले पेपर ज्यांनी वाचले आहेत त्यांना ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली’ ही बातमी आठवत असेल. रॉकेलचे स्टोव्ह भडकत असत, यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच ते कारण इतकं सोयीचं होतं. भडका नेमका नव्या सुनेच्याच अंगावर का येतो आणि सासूच्या का नाही, हे स्त्री-संघटनांनी रस्त्यावर येऊन विचारलं, तेव्हा कुठे कायदा हलला. 1983 मध्ये दंडसंहितेत 498-अ कलम आलं. 1986 मध्ये 304-ब आलं आणि लग्नानंतर सात वर्षांच्या आत भाजून किंवा इतर अनैसर्गिक कारणाने झालेला विवाहितेचा मृत्यू, मागे हुंड्याचा छळ असेल तर, ‘हुंडाबळी’ म्हणून तपासला जाऊ लागला. स्टोव्ह तेच राहिले होते. फक्त ‘स्टोव्ह’ या उत्तरावर समाधान मानायचं नाही, असं ठरलं.

शॉर्टसर्किटची सोय तशीच आहे. त्याला आरोपी नसतो. घरमालकाला ते चालतं, भाडेकरूला चालतं, सोसायटीला चालतं, ठाणे अंमलदाराला तर फारच चालतं, कारण फाइल मिटते. पुनर्विकासाचा वाद चाललेला जुना वाडा रात्री पेटला तरी हेच कारण लागतं आणि खरोखर सैल झालेल्या एखाद्या जॉइंटने कुणाचा संसार जाळला तरी हेच. दोन्ही प्रसंगांत ज्याने उत्तर द्यायचं तो माणूस सुटतो.

अमेरिकेत याच्या उलट झालं आणि तो इतिहास आपण नीट वाचायला हवा. तिकडे तपास करणाऱ्यांचा ओढा जाळपोळीकडे होता. टेक्सासमधल्या कॉर्सिकाना गावात 23 डिसेंबर 1991 रोजी एका घराला आग लागून तीन लहान मुली दगावल्या. बाप, कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम, वाचला. जमिनीवरचे जळण्याचे डाग, तडकलेल्या काचा अशा खुणांवरून तपासनिसांनी ठरवलं की कोणी तरी पेट्रोलसारखं द्रव्य ओतून आग लावली. त्याला देहदंडाची शिक्षा झाली आणि 17 फेब्रुवारी 2004 रोजी विषारी इंजेक्शन देऊन ती अमलातही आली. त्या खुणांपैकी एकीनेही जाळपोळ सिद्ध होत नाही, असं अग्निशास्त्राचे तज्ज्ञ शिक्षा अमलात येण्याच्या आधीपासून सांगत होते. टेक्सासच्या न्यायवैद्यक आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञानेही 2009 मध्ये तेच लिहून दिलं.

काचेचं उदाहरण बोलकं आहे. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसल्या की आग फार वेगाने तापली, म्हणजे इंधन ओतलं असणार, असं वर्षानुवर्षं शिकवलं जाई. 1991 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या डोंगरावर वणव्यात हजारो घरं जळाली. ती कोणी इंधन ओतून पेटवली नव्हती, हे माहीत होतं. जॉन लेंटिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतली 50 घरं पाहिली, तर बारा घरांत तशाच चिरा निघाल्या. मग प्रयोगशाळेत काच तापवून पाहिली. वेगाने तापवली तर चिरा पडेनात. तापलेल्या काचेवर पाणी मारलं की लगेच पडत. म्हणजे जी खूण जाळपोळीची समजली जात होती ती बंबाच्या पाण्याची होती.

त्याच वर्षी फ्लोरिडात जॅक्सनविल इथे लेंटिनी आणि जॉन डीहान यांनी आणखी एक प्रयोग केला. लाइम स्ट्रीटवरच्या एका घराच्या आगीत सहा माणसं गेली होती आणि घरच्या कर्त्या माणसावर खुनाचा खटला होता. शेजारचं तसंच घर पाडायचं होतं. सरकारी पक्षाने ते मिळवलं, तसंच फर्निचर मांडलं आणि नुसता सोफा पेटवला. कसलंही इंधन नव्हतं. पाच मिनिटांच्या आत खोलीतली प्रत्येक वस्तू एकाच वेळी पेटली. छताखाली साठलेला धूर सहाशे अंशांच्या घरात पोचला की असं होतं; याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर जमिनीवर तेच डाग उमटले जे इंधन ओतल्याची खूण समजले गेले होते. खटला मागे घेतला गेला.

फ्लॅशओव्हर झालेल्या खोलीत आग कुठून सुरू झाली हे नुसत्या डोळ्यांनी सांगणं किती अवघड आहे, याची परीक्षा 2005 मध्ये लास वेगासला झाली. दोन खोल्या पेटवल्या, फ्लॅशओव्हरनंतर साधारण दोन मिनिटं जळू दिल्या, विझवल्या आणि तपासनिसांना एवढंच विचारलं की आग खोलीच्या कुठल्या चतुर्थांशात लागली. 53 जणांनी उत्तरं दिली. प्रत्येक खोलीचं उत्तर तीनच जणांचं बरोबर आलं. डोळे मिटून कुठल्याही कोपऱ्यावर बोट ठेवलं असतं तरी तेरा-चौदा जण बरोबर आले असते. आता आपल्याकडे बघा: कोपरा सांगता येत नाही, पण कारण सांगता येतं.

या सगळ्यातून तिकडे एक मार्गदर्शक ग्रंथ तयार झाला, 1992 पासून त्याच्या आवृत्त्या निघत आहेत आणि तपासनीस त्याला त्याच्या क्रमांकाने, 921 म्हणून, ओळखतात. 2011 च्या आवृत्तीत त्याने एक गोष्ट स्पष्ट सांगितली: बाकीची सगळी कारणं वगळली म्हणून उरलेलं कारण सिद्ध झालं, असं म्हणणं शास्त्रीय नाही. तिकडे ही वजाबाकी करून शेवटी जाळपोळ उरायची. आपल्याकडे करतात तेव्हा शॉर्टसर्किट उरतं. चुलीला हात लावला नव्हता, गॅस बंद होता, कोणाशी वैर नाही, मग काय राहिलं? वीज. बोट दोन दिशांना गेलं, चूक एकच. आणि पुरावा नसेल तर ‘कारण निश्चित करता आलं नाही’ असं लिहायचं, हे त्या ग्रंथाने धरून ठेवलं आहे. आपल्या अहवालांत हे वाक्य जवळजवळ दिसत नाही, जणू ते लिहिणं कमीपणाचं आहे.

आता वायरीकडे येऊ, कारण पुस्तकाचा गाभा तिथे आहे.

जळक्या घरात तांब्याच्या वायरीच्या टोकाला मण्यासारखा गोल थेंब सापडला की तो शॉर्टसर्किटचा पुरावा म्हणून पिशवीत भरला जातो. तांबं 1085 अंशांना वितळतं. घराच्या आगीत सगळीकडे तेवढं तापमान नसतं, त्यामुळे स्वच्छ, एकाच जागी झालेला मणी हा बहुतेक वेळा विजेच्या ठिणगीनेच झालेला असतो. इथपर्यंत ठीक. पण ठिणगी कधी पडली? घर दुसऱ्याच कारणाने पेटलं आहे, मीटर चालू आहे, आगीच्या ज्वाळा भिंतीवरच्या वायरीपर्यंत पोचल्या आहेत, असं समजा. वायरीवरचं पीव्हीसी साधारण 70 अंशांपर्यंत काम करायला बनवलेलं असतं. ज्वाळेत ते मऊ होतं, मग त्याचा कोळसा होतो आणि कोळशातून वीज वाहते. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये ठिणगी उडते, तांबं वितळतं, मणी तयार होतो. म्हणजे शॉर्टसर्किट झालं हे शंभर टक्के खरं, आणि आग त्याने लागली हे शंभर टक्के खोटं. आगीने शॉर्टसर्किट झालं.

आग लावणारा मणी आणि आगीत बळी पडलेला मणी वेगळा ओळखता येईल का, यावर अनेक वर्षं संशोधन झालं आहे, जपानात तर फारच चिकाटीने. मण्याच्या आतली छिद्रं, कणांची रचना, पृष्ठभागावरचा कार्बन, सगळं तपासून झालं. 2004 मध्ये व्हायटेनिस बाब्राउस्कस यांनी या कामाचा आढावा घेतला आणि यांपैकी एकाही चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही, असा निष्कर्ष काढला. ज्या वाचकाच्या हातात ‘प्रयोगशाळेच्या अहवालानुसार वायरीवर शॉर्टसर्किटच्या खुणा आढळल्या’ असं लिहिलेला कागद येईल, त्याने हे लक्षात ठेवावं. अहवाल खोटा नसतो. त्याला विचारलेला प्रश्न अपुरा असतो.

मणी मात्र दुसऱ्या कामाला येतो. मीटरकडून निघालेल्या एकाच वायरीवर दोन ठिकाणी ठिणग्यांच्या खुणा आहेत असं समजा. मीटरजवळची ठिणगी आधी पडून तिथे वायर तुटली असती तर पुढची वायर मेली असती आणि तिथे ठिणगी पडलीच नसती. त्या अर्थी मीटरपासून लांबची खूण आधीची. अशा खुणा नकाशावर मांडत गेलं की आग कुठून कुठे सरकली याचा अंदाज येतो. या पद्धतीवरही आक्षेप आहेत आणि 921 च्या अलीकडच्या आवृत्तीत तिचं वजन उतरलं आहे. तरी साक्षीपुराव्यांबरोबर ती उपयोगी पडते. लेखकाने तिला एक पूर्ण प्रकरण दिलं आहे. मला ते थोडं लांबलेलं वाटलं, पण त्यातल्या आकृत्या सोडू नका.

आणि इथे एक मजेशीर पेच आहे. ज्याला आपण शॉर्टसर्किट म्हणतो, म्हणजे फेज आणि न्यूट्रल थेट चिकटणं, त्याने घर पेटण्याची शक्यता, एमसीबी धडधाकट असेल तर, कमीच असते. 16 अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी 80 ते 160 अँपिअरच्या दरम्यान कुठे तरी डोळ्याचं पातं लवण्याआधी खटका पाडतो, आणि थेट शॉर्टमध्ये प्रवाह सहसा त्याच्याही वर जातो. घर जाळणारी विजेची चूक बहुधा गुपचूप वागते. दोन किलोवॅटचा गीझर 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. त्याच्या पॉइंटमधला स्क्रू सैल झाला, टोकावर काळं पुट चढलं आणि त्या जोडावर समजा अर्धा ओहम रोध तयार झाला. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे 38 वॅट उष्णता, वाटाण्याएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या डबीत. सोल्डरिंग आयर्न एवढ्यावरच चालतं. एमसीबीला यातलं काही कळत नाही. त्याच्या हिशेबी गीझर नीट चालला आहे. महिनोन्‌महिने सकाळी दहा मिनिटं ती डबी भाजत राहते. बाथरूमच्या बाहेर जळका वास येतो, कोणी तरी म्हणतं, ‘बोर्ड गरम लागतोय’, आणि वायरमनला बोलवायचं राहून जातं.

त्यामुळे ‘एमसीबी पडलेला होता, म्हणजे शॉर्टसर्किट’ हाही निष्कर्ष घाईचा आहे. पडलेला एमसीबी एवढंच सांगतो की आग पोचली तेव्हा त्या वायरीत वीज होती. कधी कधी तेही सांगत नाही, कारण आगीच्या उष्णतेनेही तो पडू शकतो. न पडलेला एमसीबीही विजेला निर्दोष ठरवत नाही, गीझरचा हिशेब आत्ताच झाला. आणि घरातली वायरिंग उत्तम असूनही बाहेरून घात होऊ शकतो: थ्री-फेज लाइनचा न्यूट्रल डीपीवर किंवा मीटर रूममध्ये तुटला तर कोणाकडे दिवे मंद होतात आणि कोणाकडे 230 च्या जागी 400 व्होल्टच्या जवळ दाब जातो. त्या रात्री मजल्यावरचे किती टीव्ही उडाले, हे शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय असा तपास पुरा होत नाही.

विजेची चूक पूर्णपणे शोधली गेली म्हणजे उत्तर कसं दिसतं, हे पाहायचं असेल तर घराबाहेरचं एक उदाहरण घ्यावं लागेल. दिल्लीत ग्रीन पार्कच्या उपहार सिनेमात 13 जून 1997 रोजी 59 माणसं गेली. तळाला दिल्ली विद्युत बोर्डाचा ट्रान्सफॉर्मर होता. त्या दिवशी सकाळी त्याला एकदा आग लागून गेली होती आणि दुपारच्या आत दुरुस्ती करून तो पुन्हा चालू केला होता. न्यायालयांपुढे आलेल्या पुराव्यानुसार केबलच्या टोकाचं सॉकेट क्रिंपिंग यंत्राने दाबलेलं नव्हतं, डाय आणि हातोड्याने ठोकलेलं होतं. संध्याकाळी ते सुटलं, जिवंत केबल ट्रान्सफॉर्मरच्या रेडिएटरवर पडली, ठिणग्यांनी पत्र्याला भोक पडलं, तेल बाहेर आलं आणि पेटलं. शेजारी गाड्या लावलेल्या होत्या. धूर जिन्याने वर गेला आणि बाल्कनीतली माणसं गुदमरली. याला कोणी ‘शॉर्टसर्किट’ म्हटलं असतं तर चुकीचं ठरलं नसतं. पण त्यातून हातोडा दिसला नसता, गाड्या दिसल्या नसत्या, आणि शिक्षा कोणालाच झाली नसती.

आगीचं कारण म्हणजे तीन गोष्टींचं एकत्र येणं असतं: पेटवणारी उष्णता, तिच्यावर पहिल्यांदा पेटलेली वस्तू, आणि या दोघांना शेजारी आणणारी परिस्थिती. शॉर्टसर्किट म्हटलं की पहिलीबद्दल काही तरी बोलल्यासारखं होतं, उरलेल्या दोन राहतातच. रात्री गॅसची नळी गळाली, हवेपेक्षा जड असलेला तो गॅस जमिनीलगत साठला आणि पहाटे कोणी दिवा लावला, तर ठिणगी स्विचची आहे. पण ही विजेची आग का? ई-स्कूटरची बॅटरी दिवाणखान्यात चार्जिंगला लावलेली असताना आतूनच तापून फुटली, तर घराच्या वायरिंगचा त्यात काय दोष? देवघरातल्या निरांजनाची पेटती वात उंदराने ओढून नेली, ही गोष्ट विनोदी वाटते. पण जुन्या लाकडी घरांत तसं होऊ शकतं आणि देवघरावर दिव्यांची माळ सोडलेली असेल तर दोष माळेवर जातो. मच्छरांची कॉइल, बाल्कनीतून आत पडलेलं रॉकेट, गादीवर पडलेली बिडी: यांची राख उरत नाही. वायर उरते. जे उरतं त्याच्यावर आळ येतो.

मुंबईच्या कमला मिलमधल्या आगीत 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर 14 जण गेले, तेव्हाही सुरुवातीला संशय विजेकडेच गेला होता. अग्निशमन दलाने चौकशी केल्यावर अहवालात हुक्क्याचे उडते निखारे आले. चौकशी झाली म्हणून ते आले. आणि लंडनच्या ग्रेनफेल टॉवरचं उलट उदाहरण पाहा. 14 जून 2017 च्या त्या आगीत 72 जण दगावले. चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमधल्या विद्युत दोषाने ती लागली, असा निष्कर्ष चौकशीने दोन वर्षांनी दिला. तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या, फ्रिजचे जळके अवशेष तुकड्या-तुकड्याने तपासले गेले. तरीही त्या दोषाचं नेमकं स्वरूप ठरवता आलेलं नाही, असं अहवालात नोंदवलं आहे. विजेवर दोष ठेवायचा तर एवढं काम करून आणि एवढ्या नम्रतेने ठेवावा.

आपल्याकडे हे काम कोणाचं, हा प्रश्न उरतोच. अग्निशमन दलाचं पहिलं काम माणसं काढणं आणि आग विझवणं, आणि ते जवान जीव पणाला लावून करतात. त्यानंतर तिथेच दोन दिवस बसून राखेचे थर काढायला त्यांच्याकडे माणसं नसतात. पोलीस गुन्हा दिसतो का ते पाहतात. वीज कायदा 2003 च्या कलम 161 खाली विद्युत निरीक्षक चौकशी करू शकतो, पण त्या कलमाचा भर जीवितहानी आणि इजा यांवर आहे. नुसतं घर जळलं तर तो येईलच असं नाही. महावितरणचा किंवा त्या भागातल्या वीज कंपनीचा माणूस येतो आणि मीटरच्या अलीकडे की पलीकडे एवढं बघतो, कारण जबाबदारी तिथे बदलते. विम्याचा सर्वेक्षक येतो तो नुकसान मोजायला. कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जाते ती पिशवी, खोली नव्हे. पाच खाती येऊन जातात आणि आग का लागली हे शोधणं एकाचंही मुख्य काम नसतं. तोवर नातेवाइकांनी ढिगारा उपसून टेम्पोत भरलेला असतो, तोही चांगल्या भावनेने, घरच्यांना ते बघायला लागू नये म्हणून.

विम्याबद्दल पुस्तकात सविस्तर आहे. एकच मुद्दा इथे सांगतो, कारण त्यावरून लोक उगाच घाबरतात. अग्निविम्याच्या पॉलिसीत शॉर्टसर्किट, आर्किंग, आपोआप तापणं यांनी झालेलं नुकसान वगळलेलं असतं, पण फक्त त्या उपकरणापुरतं ज्यात तो दोष झाला. फ्रिजमध्ये दोष होऊन आग लागली तर फ्रिजचे पैसे मिळणार नाहीत. त्या आगीत जळलेलं कपाट, पलंग, भिंती यांचे मिळायला हवेत. 2021 पासून चालू असलेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीतही हेच तत्त्व आहे. म्हणजे दावा फेटाळला जाईल या भीतीने कारण लपवायची गरज नसते, आणि दावा मिळावा म्हणून शॉर्टसर्किट घालायचीही.

पुस्तक वाचायला तीन प्रकारचे लोक घेतील असं मला वाटतं. वायरमन आणि इलेक्ट्रिकल सुपरवायझर यांनी जोडांवरचं प्रकरण दोनदा वाचावं. टेस्ट रिपोर्टवर सही करताना त्याची आठवण झाली तरी पुष्कळ. बातमीदारांनी निदान ‘कारण अद्याप कळलेलं नाही’ हे वाक्य छापायची सवय करावी. त्याने बातमी लहान होत नाही.

आणि ज्याच्या घरात आग लागून गेली आहे, त्याला या पुस्तकाची सगळ्यात जास्त गरज असते आणि ते वाचायला सगळ्यात कमी वेळ. त्याने एवढं करावं. दलाच्या अधिकाऱ्याने आत जायला परवानगी दिली की ढिगाऱ्याला हात लावण्याआधी मोबाइलवर फोटो काढावेत: मीटर, मेन स्विच, प्रत्येक एमसीबी वर आहे की खाली, प्रत्येक बोर्ड, कुठल्या प्लगमध्ये काय लावलेलं होतं, गॅसचा रेग्युलेटर चालू की बंद. शेजाऱ्यांना त्याच दिवशी विचारून लिहून ठेवावं: आधी धूर दिसला की आधी दिवे गेले, आणि गेले तर कोणाकोणाचे? समोरच्या दुकानाचा सीसीटीव्ही पुसला जाण्याआधी मागून घ्यावा. संशय असलेलं उपकरण भंगारात देऊ नये. वायर कापायची वेळ आली तर दोन्ही बाजूंना हातभर सोडून कापावी. पंचनाम्यावर सही करण्याआधी कारणाच्या ओळीत काय लिहिलं आहे ते वाचावं, आणि तपास न होताच तिथे शॉर्टसर्किट लिहिलेलं असेल तर ते खोडून ‘कारण निश्चित नाही’ असं लिहायला सांगावं.

तसं सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.